किनारा सोडा, फोंडा-डिचोली बघा: मुंबई-पुण्याहून गोव्यात राहायला येणाऱ्यांसाठी

गोवा स्वस्त नाही. निदान तुम्ही फोटोत पाहिलेला गोवा तरी नाही. आसगाव, शिवोली, हणजूण या पट्ट्यात घराचं भाडं दिल्ली-मुंबईच्या खिशाकडे बघून ठरतं आणि तिथल्या मालकाला अकरा महिन्यांच्या भाडेकरूपेक्षा ऑक्टोबर ते मार्चचा पाहुणा जास्त फायद्याचा असतो. पगार पुण्याचा, खर्च कमी आणि दाराबाहेर समुद्र, असं चित्र मनात असेल तर त्यातला समुद्र वगळा. बाकीचं बऱ्यापैकी जमतं.

परवडणारा गोवा आत आहे: फोंडा, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांत. मराठी माणसासाठी तो सोयीचाही आहे. इथे सकाळी दारात मराठी वर्तमानपत्र पडतं, देवळात मराठी कीर्तन होतं, जत्रेच्या रात्री मराठी नाटक लागतं. मी फोंड्यातच वाढलो, त्यामुळे फोंड्याकडे झुकतं माप दिसलं तर समजून घ्या. पण खाली लिहिलेला क्रम कुठल्याही गावाला लागू पडेल.

पहिलं काम: जुलैत येऊन राहा

डिसेंबरात गोव्यातलं कुठलंही घर छान दिसतं. म्हणून घर डिसेंबरात बघू नका. सामान आणण्याआधी, निवडलेल्या गावात जुलैत किमान दोन-तीन आठवडे खोली घेऊन राहा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटाच्या पायथ्याशी, वाळपई-सांग्याकडे तो आणखी जोर धरतो. त्या दिवसांत वीज किती वेळा जाते, गेल्यावर कधी येते, मोबाइलला रेंज राहते का, गल्लीत पाणी साचतं का, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. एजंट यातलं काही सांगत नाही.

घर बघताना भिंती बघा. नवा रंग दिलेली भिंत दिसली की कपाटामागे हात घालून ओल लागते का ते तपासा. जुन्या चिऱ्याच्या घराला नळ्यांचं, म्हणजे कौलांचं छप्पर असेल तर पावसाआधी नळे परतायचे कोणी आणि त्याचे पैसे द्यायचे कोणी, हे आधी ठरवून घ्या. जुनं कौलारू घर दिसायला सुंदर असतं, पण पावसाळ्यात चामड्याची चप्पल, लग्नातला कोट आणि पुस्तकं यांवर बुरशी चढते, आणि पहिल्या वर्षी माणूस त्यातच हैराण होतो. पहिल्या वर्षासाठी माझा सल्ला रुक्ष आहे. स्लॅबचा, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या, पण वर अजून एक मजला किंवा पत्र्याची शेड असलेला. कौलारू स्वप्न दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

गाव कसं निवडायचं

समुद्रापासूनचं अंतर मोजू नका. तीन गोष्टी मोजा: तुमचं काम कुठे आहे, मोठं हॉस्पिटल किती लांब आहे आणि संध्याकाळी शेवटची बस किती वाजता सुटते. तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात. गोव्यात रात्री आठनंतर आतल्या गावांकडे जाणाऱ्या बस झपाट्याने विरळ होतात.

फोंडा पणजी आणि मडगाव यांच्या मध्ये आहे. पणजीकडे बाणस्तारीच्या पुलावरून, मडगावकडे बोरीच्या पुलावरून जायचं. पणजी तीसेक किलोमीटर, मडगाव त्याहून जवळ. कदंबच्या (सरकारी) आणि खासगी बस दोन्ही बाजूंना दिवसभर धावतात. शहरात रेल्वे नाही. मुंबईची गाडी पकडायला करमळी किंवा मडगाव गाठावं लागतं. कुंडई, मडकई, बेतोडा या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे कारखान्यात नोकरी करणारी बाहेरची कुटुंबं इथे पूर्वीपासून राहतात आणि भाड्याच्या घरांचा बाजार पर्यटकांवर चालत नाही. फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खोल्या, खाणावळी, झेरॉक्स हे सगळं आलंच. गोव्याची बरीच मोठी देवस्थानं याच तालुक्यात आहेत: मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, बांदोड्याचा नागेश. सोळाव्या शतकात गोव्यातल्या साष्टी-तिसवाडीत (मडगाव-पणजीच्या बाजूला) पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केल्यावर लोकांनी देव उचलून नदीपलीकडे इथे आणले, कारण हा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांची कुलदैवतं इथलीच, त्यामुळे कुठल्याही नवख्याला कोणीतरी ओळखीचं भेटतं.

फोंड्याचं वाईट काय तेही सांगतो. शहर उंच-सखल आहे, रस्ते अरुंद आहेत, पार्किंगला जागा नाही आणि शाळा सुटायच्या वेळी बाजारातून गाडी काढणं म्हणजे परीक्षा. शांतता हवी असेल तर भर बाजारात राहू नका. कुर्टी, ढवळी, खडपाबांध, फर्मागुढी या बाजूंना घर शोधा.

डिचोली आणि साखळी ही दोन गावं उत्तरेला, म्हापशाशी आणि थिवी स्टेशनशी जवळीक असलेली. बेळगावला जायचं असेल तर साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट. मोपा विमानतळही फोंड्यापेक्षा डिचोलीला जवळ. या भागाचं अर्थकारण अनेक वर्षं खाणींवर चाललं. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळ्यांना झळ बसली. त्यामुळे घर बघताना शेजाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: या रस्त्याने खनिजाचे ट्रक जातात का? जात असतील तर उन्हाळ्यात खिडक्या उघडता येणार नाहीत. साखळीत वाळवंटी नदीला पूर येतो, म्हणून बाजाराच्या सखल भागात तळमजला घेऊ नका.

वाळपई हिरवीगार, शांत आणि लांब. घरून काम करणाऱ्याला किंवा निवृत्त जोडप्याला आवडेल, पण वयस्कर आईवडील बरोबर असतील तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं अंतर मनात ठेवा. कुडचडे-सावर्डे दक्षिणेला आहे. तिथलं स्टेशन वास्को-लोंढा मार्गावरचं, कोकण रेल्वेचं नव्हे, म्हणून मुंबईपेक्षा हुबळी-बेळगावकडे ये-जा असणाऱ्यांना ते सोयीचं.

पेडणे मी मुद्दाम यादीत धरत नाही. जानेवारी २०२३मध्ये त्याच तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून तिथल्या जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत.

घर भाड्याने घेताना

मोबाइल अॅपवरचे दर पर्यटकांसाठीचे असतात. फोंड्या-डिचोलीत घर मिळतं ते किराणा दुकानात विचारून, मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींतून, आणि इमारतीच्या गेटवर लावलेल्या पाटीवरून. एक दिवस पायी फिरा. बाईकवरून पाट्या दिसत नाहीत.

करार अकरा महिन्यांचा होतो. करार झाला की पोलिस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्हीच आग्रह धरा. हा कागद गॅसपासून बँकेपर्यंत पुढे उपयोगी पडतो, आणि जो मालक तो द्यायला तयार नाही त्याच्या घराला पंचायतीचा घर क्रमांक आहे का, अशी शंका घ्यायला जागा आहे. घर क्रमांक, वीज मीटर आणि पाण्याचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते बिलावर बघून घ्या. नळाला पाणी किती तास येतं, हे मालकाऐवजी वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा. बहुतेक घरांना सेप्टिक टँक असतो. तो शेवटचा कधी उपसला हेही विचारा, लाजू नका.

एकट्या तरुणांना घर मिळायला जरा वेळ लागतो. फर्मागुढीच्या बाजूला लवकर मिळतं.

खर्चाचं गणित

भाडं कमी होतं, यात वाद नाही. पण त्यातली बरीच बचत दुचाकीच्या टाकीत जाते. मुंबईत लोकलच्या पासावर महिना निघतो, इथे घरटी एक दुचाकी लागते आणि दोघं कामाला जाणारे असतील तर दोन. ओला-उबर गोव्यात नाही. गोवामाइल्स हे अॅप आहे, पण आतल्या गावात गाडी वेळेवर मिळेलच असं नाही. भाडं घेऊन मागे बसवून सोडणारे मोटरसायकल पायलट स्टँडवर उभे असतात. एकट्या माणसाला थोड्या अंतरासाठी त्यांच्यासारखी सोय नाही.

वीज महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडते. भाजी मुख्यतः बेळगावहून येते, त्यामुळे घाट बंद पडला की भाव चढतात. फलोत्पादन महामंडळाची भाजीची दुकानं गावोगाव आहेत. तिथे भाव बांधलेले असतात, पण सकाळी लवकर जायला हवं. मासे स्वस्त मिळतील हा मुंबईकरांचा आवडता गैरसमज. हॉटेलांना चांगला मासा लागतो आणि बाजारातला भाव तेच ठरवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा खाडीचे मासे, शिंपल्या आणि सुकी सुंगटं (कोळंबी) यांवर भागवायचं. पाव मात्र सकाळ-संध्याकाळ पदेर सायकलवरून हॉर्न वाजवत दारात आणतो, आणि त्यासारखा नाश्ता मुंबईत मिळणार नाही.

नोकरी इथेच शोधणार असाल तर पगाराचा आकडा ऐकून आधी खाली बसा. मुंबईचा पगार ठेवून घरून काम करणाऱ्यालाच हे गणित खरं सुटतं. असं काम असेल तर करार करण्याआधी त्या घरात बसून एक व्हिडिओ कॉल करा, गल्लीत नव्हे. केबल ब्रॉडबँड कोणाचं येतं, पावसात तार तुटली तर माणूस किती दिवसांत येतो, हे शेजाऱ्यांकडून समजेल. इन्व्हर्टर पहिल्याच महिन्यात घ्या.

कागद

आधारवरचा पत्ता बदलणं, मतदारयादीसाठी फॉर्म ८ भरणं, गॅस आणि बँक हलवणं ही नेहमीची कामं. यात गोव्यापुरतं वेगळं असं काही नाही.

गाडीचं मात्र लक्षात ठेवा. महाराष्ट्राची नंबरप्लेट बारा महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या आरटीओकडून ना हरकत दाखला आणून इथे कर भरून नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तो अर्ज आळसाने राहून जातो. बाहेरच्या नंबरची गाडी पोलिस जास्त थांबवतात ते वेगळंच.

काही गोष्टी तुम्हाला लगेच मिळणार नाहीत, त्या गृहीत धरू नका. सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, आणि कोकणी येणं गरजेचं असतं. गृहिणींसाठीच्या गृह आधारसारख्या योजनाही पंधरा वर्षांच्या वास्तव्याशी बांधलेल्या आहेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डासाठी पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. तोवर खासगी आरोग्यविमा चालू ठेवा. बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय सगळ्यांना घेतं, पण बाहेरच्या रुग्णाला शुल्क पडतं. फोंड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, साधारण आजारपण तिथे निभावतं. गंभीर असेल तर १०८ला फोन करायचा आणि बांबोळी गाठायची.

शाळा

मुलं लहान असतील तर निर्णय पटकन घ्यावा लागतो. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या आहेत. पटसंख्या कमी, शिक्षक हाताशी, वातावरण घरगुती. पण पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम सुरू होतं, त्यामुळे मराठीतून दहावी असा हिशेब धरून येऊ नका. आणखी एक: २०२५पासून वरच्या इयत्तांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत घर हलवून जूनमध्ये शाळेत घालू, हा महाराष्ट्रातला बेत इथे चुकतो. प्रवेशाची चौकशी जानेवारीत करा.

माणसं

मराठी इथे सगळ्यांना कळते आणि पुष्कळांची ती वाचायची, भजनाची, नाटकाची भाषा आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा दिली. मामलेदार कचेरीत मराठीत अर्ज लिहिलात तर कोणी परत पाठवत नाही. पण घरात आणि बाजारात बोलणं कोकणीत चालतं. तिला मराठीची बोली म्हणायचा मोह आवरा. या वादात इथल्या दोन पिढ्या झिजल्या आहेत, आणि नव्या माणसाने त्यात मत देण्याची कोणालाच गरज वाटत नाही. बाजारात मोडकी कोकणी बोला, लोक हसतील आणि मासे नीट निवडून देतील. समोरचा वयाने मोठा असेल तर नावापुढे ‘बाब’ किंवा ‘बाय’ लावा. दादा-ताई चालतं, ‘काका, जरा लवकर करा ना’ हा मुंबईचा सूर चालत नाही.

दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात. त्यावर चिडून काही उपयोग नाही, बँकेचं आणि हार्डवेअरचं काम सकाळीच उरका. पंचायतीचा कचरा गोळा करणारा ओला-सुका वेगळा मागतो. एकत्र दिलात तर पिशवी दारातच राहते.

बाहेरून येऊन जमिनी घेणाऱ्यांबद्दल इथे राग आहे, आणि तो कारणाशिवाय नाही. भाड्याने राहणाऱ्या, गावच्या जत्रेला येणाऱ्या, रस्त्यात गाडी न लावणाऱ्या कुटुंबाला त्याची झळ सहसा लागत नाही. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात नाट्यस्पर्धेचे प्रयोग होतात. तिथे जाऊन बसायला लागा, ओळखी आपोआप होतात.

विकत घ्यायची घाई करू नका

दोन पावसाळे भाड्याने काढल्याशिवाय घर-जमीन घेऊ नका. आणि घ्यायची वेळ आली की गोव्यातलाच, त्याच तालुक्यात काम करणारा वकील गाठा. पुण्याचा ओळखीचा वकील इथे अडखळतो, कारण इथला कौटुंबिक आणि वारसा कायदा १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. लग्न झालं की सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणून विक्रीखतावर मालकाबरोबर त्याच्या बायकोची सही लागते. मालक वारला असेल तर वारस ठरवणारा दस्तऐवज किंवा कोर्टातली इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कारवाई) हवी, आणि वारसांपैकी एक लिस्बनला, दुसरा लंडनला असं निघणं इथे रोजचं आहे. ‘बाकीच्यांचं मी बघतो’ म्हणणारा भाऊ भेटला की चहा पिऊन निघून या.

जमिनीसाठी फॉर्म एक-चौदा बघायचा, तुमच्या सातबाऱ्यासारखा. भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर तो मिळतो. कब्जेदाराचं नाव वाचून थांबू नका, कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. तिथे कूळ किंवा मुंडकार यांचं नाव असेल तर विक्रेता हवं ते सांगो, ती जागा मोकळी नाही. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहिलेल्या मुंडकाराला १९७५च्या कायद्याने संरक्षण आहे. मुंडकाराचं घर रिकामं करून देतो, हे तोंडी आश्वासन कधीही धरू नका. कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या सामुदायिक संस्थेची जमीन असेल तर तीही तशीच सोडा.

त्यानंतर नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला घ्या. प्लॉट सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीच्या पट्ट्यात आहे का, हे त्यावरून कळतं. बिगरशेतीची सनद झाली आहे का, ते वेगळं तपासा. ऑर्चर्ड (बागायती) झोनमधला प्लॉट ‘नंतर बदलून मिळेल’ म्हणून विकला जातो आणि नंतर घर बांधता येत नाही. भातशेतीची जमीन २०२३च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, त्यामुळे शेत घेऊन फार्महाऊस हा बेत काढूनच टाका. २०२२ साली बनावट दस्तऐवजांनी जमिनी बळकावल्याची इतकी प्रकरणं वर आली की सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. बऱ्याच ठिकाणी मालक परदेशी, घर बंद आणि हातात जुना पोर्तुगीज कागद, असाच मामला होता. म्हणून जुन्या पोर्तुगीज कागदाचं भाषांतर वाचून समाधान मानू नका, मूळ नोंद पुराभिलेखागारात किंवा निबंधक कार्यालयात वकिलाला तपासायला लावा. फ्लॅट असेल तर रेराची नोंदणी आणि भोगवटा दाखलाही बघा.

सामान कधी हलवायचं

फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत बरा. घर पावसाआधी वापरात येतं, गळती-ओलीची कामं एप्रिल-मेमध्ये करून घेता येतात, आणि मेच्या शेवटी सुतार-गवंडी कोणालाच मिळत नाहीत त्याआधी तुमचं झालेलं असतं. पुण्याचा टेम्पो कोल्हापूर-आंबोली-सावंतवाडी करत पत्रादेवीला गोव्यात शिरतो किंवा बेळगावहून घाट उतरतो. पावसात दोन्हीकडे दरडी येतात. जड लाकडी फर्निचर आणण्यापेक्षा विकून या, इथल्या दमटपणात प्लायवूड फुगतं.

आणि चवथीच्या आठवड्यात टेम्पो ठरवू नका. गणपतीला अख्खा गोवा आपापल्या मूळ घरी गेलेला असतो, बाजार दोन-तीन दिवस थंड असतो, सामान उतरवायला माणूस मिळत नाही आणि चावी देणारा मालकही माटोळीची (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीची) फळं बांधण्यात गुंतलेला असतो.